देव बदलले, मालक बदलला का?

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की वसई-विरारमधल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. वसईतली जुनी चर्च मुळात बुद्धविहार होती, इथले ख्रिस्ती मुळात बौद्ध होते आणि पोर्तुगीजांनी तलवारीच्या जोरावर आपला धम्म बुडवला, असा त्याचा मथितार्थ. खाली पन्नास जण ‘जय भीम’ लिहितात. एखाद्याने पुरावा विचारला तर त्याला लगेच मनुवाद्यांचा हस्तक ठरवले जाते.

आम्ही नालासोपारा-विरार भागात रविवारी अभ्यासवर्ग चालवतो. येणारी मुले-मुली बहुतेक आठवडाभर लोकलला लोंबकळून मुंबईला कामाला जाणारी. ती हा मजकूर मोबाइलवर दाखवतात आणि विचारतात, “दादा, हे खरं का?” पुरावा मागणाऱ्याला हस्तक म्हणणे हे बाबासाहेबांच्या चळवळीचे लक्षण नव्हे. म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायचे आम्ही ठरवले. एखाद्या प्रदेशातून एक धर्म जातो आणि दुसरा येतो, तेव्हा नेमके काय जाते आणि काय मागे उरते? खरा प्रश्न हा आहे. त्याचे उत्तर मिळाले की १९५६ चे मोलही नीट कळते.

आधी तारखा पाहू

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेने किल्ला घेतला. मधली दोनशे वर्षे पोर्तुगीजांची. या काळात देवळे पडली, मिशनऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर धर्मांतर घडवले, सत्तेचा धाक आणि सत्तेची आमिषे दोन्ही वापरली गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात चर्च केले गेले. यातले काहीही नाकारायचे कारण नाही.

पण मंडपेश्वर हे शैव लेणे आहे. आणि पोर्तुगीज कान्हेरीला पोहोचले तेव्हा तिथल्या लेण्यांत त्यांना भिक्खू भेटले नाहीत, जोगी भेटले. कान्हेरीतले राष्ट्रकूट-शिलाहार काळातले दानलेख नवव्या शतकातले आहेत. सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे तोवर इथे धम्म जिवंत होता. त्यानंतर तो हळूहळू दिसेनासा होतो. पोर्तुगीज येतात त्याच्या कित्येक शतकांनंतर. तेव्हा अभ्यासवर्गातल्या मुलांना आमचे पहिले उत्तर असे: वसईतून बुद्धाला चर्चने घालवले नाही. चर्च आले तेव्हा तो आधीच गेलेला होता. मग कोणी घालवले? बाबासाहेबांनी ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’ या चौकटीत हाच प्रश्न उभा केला आणि बोट कुठे दाखवले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या प्रश्नाला बगल देऊन शेजारच्या ख्रिस्ती गावांकडे बोट वळवणारा मजकूर कोणाच्या सोयीचा आहे, याचा विचार पुढे ढकलण्याआधी करावा.

सोपाऱ्याची गलबते कुठे जात होती

आज नालासोपारा म्हटले की लोकांना गर्दी, पाणीटंचाई आणि अनधिकृत चाळी आठवतात. पण हेच ते शूर्पारक, अपरांताचे मोठे बंदर. बुद्धाच्या काळातला व्यापारी पुण्ण इथला. त्याने प्रव्रज्या घेतली आणि आपल्याच लोकांत धम्म सांगायला परत आला. लोकांनी शिव्या दिल्या तर काय करशील, दगड मारले तर काय करशील, जीव घेतला तर काय करशील, असे बुद्धाने विचारले आणि प्रत्येक वेळी त्याने शांतपणे उत्तर दिले, ही सुत्तपिटकातली कथा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले, तेव्हा आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, सर्वांत आत सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धम्मविजय कुठवर पोहोचला याची यादी आहे. तिच्यात तुरमय नावाचा राजा येतो. हा इजिप्तचा टॉलेमी. पहिल्या शतकात इजिप्तच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्राच्या व्यापारमार्गाची माहितीवही लिहिली. तिच्यात भडोच, सोपारा आणि कल्याण ही बंदरे ओळीने येतात. आणि इजिप्तच्या बेरेनिके बंदरात, आयसिस देवीच्या मंदिराच्या अंगणात, २०२२ साली उत्खननात चक्क बुद्धमूर्ती सापडली. ७१ सेंटिमीटर उंचीची, संगमरवरी. भारतातून आलेल्या व्यापाऱ्यांशी तिचा संबंध जोडला जातो. आयसिसच्या दारात बुद्ध उभा होता आणि कोणाला त्याचे वावडे नव्हते!

म्हणून आम्ही अभ्यासवर्गात वसईचा प्रश्न सोडवताना इजिप्तचे उदाहरण घेतो. एक प्राचीन धर्म गेला आणि त्याच्या जागी ख्रिस्ती धर्म आला, हे तिथे कागदोपत्री, दगडोदगडी नोंदलेले आहे. आपल्याकडे बौद्ध धम्म कसा गेला याची अशी सलग नोंद नाही. शेजाऱ्याच्या घरातला पंचनामा वाचून आपल्या घरातली चोरी समजून घ्यायची, असा हा प्रकार.

इजिप्तमध्ये काय घडले

तीन हजार वर्षे टिकलेला धर्म एका रात्रीत पडला नाही. रोमन सम्राट ऑगस्टसने इजिप्त जिंकल्यावर मंदिरांच्या जमिनींवर सरकारी पकड आवळली. पुजाऱ्यांचे उत्पन्न सरकारच्या हाती गेले. तिसऱ्या शतकापर्यंत अनेक मोठी मंदिरे ओस पडू लागली होती, तीही ख्रिस्ती लोकांनी बोट न लावता. जो धर्म राजाच्या खजिन्यावर उभा असतो, तो खजिना आटला की कोसळतो. दुसरे असे की मंदिरातली चित्रलिपी फक्त पुजाऱ्यांना येत असे. शेतात राबणाऱ्या माणसाला गाभाऱ्यात प्रवेश नव्हता आणि भिंतीवर काय लिहिले आहे हेही त्याला वाचता येत नव्हते. आपल्याला हे ओळखीचे वाटेल.

याच काळात पाखोमियस नावाच्या एका खेडुताला जबरदस्तीने सैन्यात भरती केले गेले. पळून जाऊ नयेत म्हणून या पोरांना थीब्ज शहरात कोंडून ठेवले होते. रात्री काही अनोळखी माणसे भाकरी आणि पाणी घेऊन आली. हे कोण, असे त्याने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ख्रिस्ती. सुटका झाल्यावर तो ख्रिस्ती झाला आणि पुढे एकत्र राहून, श्रम करून जगणाऱ्या भिक्षूंचे मठ त्याने उभे केले. हे वाचताना आम्हाला बुद्धाचा संघ आठवतो. उपाशी माणसाला भाकर देणारा धर्म लोकांना आपला वाटला, ही या बदलाची एक बाजू. ती मान्य करायला मन मोठे लागते, पण ती खरी आहे.

दुसरी बाजू सत्तेची. सम्राटच ख्रिस्ती झाले. ३९१ साली थिओडोसियसचा हुकूम इजिप्तच्या अधिकाऱ्यांच्या नावे निघाला: यज्ञबळी बंद, मंदिरप्रवेश बंद. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचे प्रचंड सेरापिस मंदिर बिशप थिओफिलसच्या काळात उद्ध्वस्त झाले. ४१५ साली हायपेशिया या विदुषीला ख्रिस्ती जमावाने ठार मारले. दक्षिणेला फिलाई बेटावर आयसिसचे मंदिर मात्र तग धरून होते. तिथे २४ ऑगस्ट ३९४ या दिवशी एका पुजाऱ्याने भिंतीवर चित्रलिपीत लेख कोरला. तारखेसह सापडलेला त्या लिपीतला हा शेवटचा लेख. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने ते मंदिरही बंद झाले आणि त्यात चर्च भरू लागले. पुढे चौदाशे वर्षे ती लिपी वाचणारा माणूस उरला नाही. १८२२ मध्ये शाम्पोलियनने ती उलगडली, आणि पंधरा वर्षांनी इकडे प्रिन्सेपने अशोकाची धम्मलिपी वाचली. दोन्ही भूमींवर दगड तोंडासमोर होते आणि लोक मुके होते.

काय गेले, काय उरले

आता नीट पाहा. देव गेले, पुजारी गेले, लिपी गेली. उरले काय?

जीवनाचे चिन्ह असलेला ‘आंख’, म्हणजे वर फासा असलेला क्रूस, ख्रिस्ती क्रूस म्हणून वापरला जाऊ लागला. बोलीभाषा उरली. ग्रीक अक्षरे आणि जुन्या लिपीतली काही अक्षरे घेऊन ती लिहिली जाऊ लागली, हीच कॉप्टिक. तिच्यात बायबल आले. गंमत अशी की शाम्पोलियनला जुनी लिपी उलगडताना याच चर्चने जपलेल्या भाषेची मदत झाली. ज्यांनी देव मोडले त्यांनीच भाषा राखली. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो, व्हॉट्सॲपच्या मजकुरासारखा सरळसोट नसतो.

कौल लावणेही उरले. कोकणात देवाला कौल लावतात तसे इजिप्तचे लोक पपायरसच्या दोन चिठ्ठ्या करत. एकीवर ‘हे काम करू’, दुसरीवर ‘नको करू’. देवापुढे ठेवायच्या आणि जी परत मिळेल ते उत्तर. धर्म बदलल्यावर त्याच चिठ्ठ्या ख्रिस्ती संतांच्या समाधीपुढे ठेवल्या जाऊ लागल्या. ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यातून अशा दोन्ही काळांतल्या चिठ्ठ्या निघाल्या आहेत. नाईल नदीच्या पुराची उंची मोजायचे माप सेरापिसच्या मंदिरात ठेवत, कारण पूर सेरापिस आणतो अशी समजूत होती. कॉन्स्टंटाइनने ते माप चर्चमध्ये हलवले. आता पूर येणार नाही, अशी आवई उठली. पूर वेळेवर आला!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट उरली ती म्हणजे जमीनदार. पाचव्या-सहाव्या शतकात ऑक्सिरिंकस भागात अपियन नावाचे ख्रिस्ती घराणे अफाट जमिनींचे मालक होते. त्यांच्या जमिनीला बांधलेली कुळे कर्जात बुडालेली असत, पळाली तर धरून आणली जात. गुलामीची पद्धतही चालू राहिली. शेनूते हा त्या काळचा जबरदस्त मठाधिपती. त्याने मूर्ती फोडल्या, श्रीमंत गेसियसच्या घरात घुसून लपवलेल्या मूर्ती काढल्या. पण गेसियसवर त्याचा दुसराही आरोप होता, की तो गरिबांना पिळतो. शेनूतेची दुसरी तक्रार पहिलीपेक्षा खोल होती. मूर्ती फुटल्या. पिळवणूक फुटली नाही. पुढच्या शतकात ती क्रूस गळ्यात घालून नांदत होती.

वसईत काय उरले

आता आपल्या अंगणात येऊ. पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेल्या वसईकरांची भाषा मराठीच राहिली. सामवेदी बोली, वाडवळी बोली, लग्नातली गाणी, लुगड्याची नेसण, शेतीवाडीचे ज्ञान हे सगळे त्यांनी चारशे वर्षे जपले. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ‘ख्रिस्ती माणूस कसा?’ म्हणून ओरडणारे कोण होते ते आठवावे. हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंडांविरुद्ध याच माणसांनी रस्त्यावर येऊन लढा दिला. त्यांना ‘मूळचे अमुक’ म्हणून दाखला देणारे आपण कोण? ज्याला त्याला आपली ओळख स्वतः ठरवू द्यावी, ही तर आपलीच मागणी आहे.

पण बोलीबरोबर दुसरेही काही उरले. जात. आपण सामवेदी ब्राह्मणांचे वंशज, आपण वाडवळ, आपण कोळी, ही ओळख पाण्याच्या बाप्तिस्म्याने धुऊन गेली नाही. पिढ्यान् पिढ्या सोयरिकी याच रेषा पाहून झाल्या. हे वसईपुरते नाही. गोव्यात बामण, चारडी आणि सुदिर अशी ख्रिस्ती उतरंड राहिली, चर्चमधल्या बंधुसंघटनाही जातवार चालल्या. तमिळ देशात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्टो दी नोबिली या जेझुइटाने ब्राह्मणी संन्याशाचा वेश घेतला, शेंडी-जानवे ठेवायला परवानगी मिळवली, आणि तिथल्या मिशनमध्ये वरच्या जातींसाठी वेगळा धर्मगुरू, खालच्यांसाठी वेगळा, अशी व्यवस्था झाली. देव एकच, पण पंगत वेगळी.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय नाकारले नाही. पण धर्मांतरिताच्या मनातली आणि समाजातली जात मोडण्यात चर्च अपुरे पडले, हे त्यांनी रोखठोक मांडले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम यांचा प्रश्न अजून लोंबकळत आहे. २०२२ मध्ये त्यासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. देव बदलला की जात गेली, हे या आदेशामागचे गृहीतक. ते खरे असते तर ख्रिस्ती दफनभूमीतही जातवार भिंती का उभ्या राहिल्या असत्या? या प्रश्नावर आंबेडकरी तरुणांनी गप्प राहू नये.

लग्नगडी

वसई तालुक्याच्या पूर्वेला, महामार्गाच्या पलीकडे, वारली आणि कातकरी पाडे आहेत. ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ हा शब्द होता. आदिवासी तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर, घरात राबायचे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. तरी ती चालूच होती, म्हणून १९८२ मध्ये याच भागात श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि वेठबिगार एकेक करून सोडवावे लागले.

हिशेब मांडा. या भूमीवर स्तूप होता, स्तूप ओस पडला. देवळे आली, काही पडली. पोर्तुगीज चर्च आले. पेशवाई आली, इंग्रज आले, स्वातंत्र्य आले. प्रत्येक वेळी वर कोणाचे नाव घ्यायचे ते बदलले. वेठीचा गडी मात्र इंदिरा गांधींच्या राज्यापर्यंत पोहोचला. इजिप्तच्या कुळाला आमचा लग्नगडी भेटला असता तर दोघांना दुभाषाची गरज पडली नसती.

भुईगावचा दगड

१९५६ साली, म्हणजे नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र फिरले त्याच वर्षी, वसईच्या भुईगावात एक कोरीव दगड सापडला. तो अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा निघाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. योगायोगाला चमत्कार म्हणणारे आपण नव्हेत. पण त्या लेखात काय आहे ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे.

अशोक त्यात सांगतो की लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळाच्या जन्मावेळी, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्ये करतात आणि त्यांचे फळ थोडे असते. बायकांच्या विधींना तो विशेष नावे ठेवतो. हा पुरुषी सूर आपण झाकून ठेवायचे कारण नाही. कर्मकांडाचा धंदा चालवणारे बहुतेक पुरुषच असतात. पण पुढे तो खरे मंगल कोणते ते सांगतो, आणि त्याच्या यादीत पहिले येते ते दास आणि नोकरांशी नीट वागणे. नंतर वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. त्याने गुलामी बंद केली नाही, हेही खरे. तरीही एक सम्राट धर्माची कसोटी देव्हाऱ्यातून काढून घरातल्या गड्याच्या पानात आणून ठेवतो, ही साधी गोष्ट नाही. तू कोणाला नमस्कार करतोस ते मला सांगू नकोस, तुझ्या हाताखालच्या माणसाशी कसा वागतोस ते दाखव. हा दगड वसईच्या मातीत पडून होता आणि त्याच मातीत लग्नगडी राबत होता.

मग १९५६ वेगळे कसे?

वर्गात एका मुलीने आम्हाला नेमके विचारले: “धर्म बदलून काहीच बदलत नसेल, तर बाबासाहेबांनी धर्मांतर कशाला केलं?” प्रश्न बिनतोड आहे.

उत्तर असे. इजिप्तमध्ये धर्म आधी भाकरीने पसरला, पण पूर्ण झाला तो सम्राटाच्या हुकमाने. वसईत तो आला राजसत्तेच्या सावलीत. नागपूरला कोणता सम्राट होता? कोणता खजिना होता? १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोक पदरच्या पैशाने आले आणि बौद्ध होऊन घरी गेले तेव्हा सवलती जाण्याची जोखीम घेऊन गेले. केंद्रातल्या सवलती परत मिळायला चौतीस वर्षे लागली. आमिषाने झालेले धर्मांतर माणसाला काहीतरी देते. इथे लोकांनी द्यायची तयारी ठेवून धर्म घेतला.

दुसरे, बाबासाहेबांना देव्हाऱ्यातली अदलाबदल नको होती. १९३५ च्या येवल्यापासून १९५६ च्या नागपूरपर्यंत एकवीस वर्षे त्यांनी प्रत्येक धर्म एकाच तराजूत तोलला: माणसाला माणूस म्हणून जगू देतो का? म्हणून बावीस प्रतिज्ञांमध्ये जुने देव नाकारून ते थांबले नाहीत. सर्व माणसे समान आहेत हे मानण्याची आणि समता प्रत्यक्ष आणण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञाही त्यांनी दिली. शेनूतेची जी तक्रार अर्धवट राहिली, ती इथे थेट प्रतिज्ञेत आली.

आता प्रतिज्ञा म्हणजे काम पूर्ण झाले असे नव्हे. आपल्या पट्ट्यात काय चालते ते पाहू. विवाह मंडळांच्या फॉर्मवर ‘बौद्ध’ लिहूनही कंसात पोटजात विचारली जाते. कोकणातल्यांचे मंडळ वेगळे, मराठवाड्यातल्यांचे वेगळे, उत्तर प्रदेशातून आलेल्या बौद्धांना तर कोणी बोलावतच नाही. मातंग, चर्मकार कुटुंबे वंदनेला आली की कुजबुज होते. भिंतीवर बुद्ध आणि खाली पत्रिका जुळवणे चालू. लग्नाच्या मांडवावर पाच लाखांचे कर्ज, म्हणजे लग्नगड्याचीच नवी आवृत्ती, फक्त सावकाराच्या जागी फायनान्स कंपनी. विहारात धुणीभांडी करणाऱ्या ताईला खुर्ची देताना हात आखडतो. हे असेच चालले तर पाचशे वर्षांनी कोणी अभ्यासक लिहील की विसाव्या शतकात या लोकांनी देव बदलले, बाकी सर्व पूर्ववत राहिले. इजिप्तबद्दल आज आपण जे वाचतो तेच तो आपल्याबद्दल लिहील.

म्हणून आमचा आग्रह साधा आहे. सोपाऱ्याच्या स्तूपाची निगा, तिथे नीट माहितीफलक, सोपाऱ्यात सापडलेल्या वस्तूंचे स्थानिक संग्रहालय, यासाठी पुरातत्त्व खात्याकडे आणि महापालिकेकडे सतत पाठपुरावा करू. चर्चखाली काय होते याच्या अफवा पुढे ढकलणार नाही. शेजारच्या ख्रिस्ती मित्राला भुईगावचा शिलालेख दाखवू, तो त्याच्याही गावचा आहे. आणि वर्षातून एकदा, अशोक विजयादशमीला, प्रत्येक मंडळाने जमाखर्चाबरोबर दुसराही हिशेब मांडावा: या वर्षी किती लग्ने पोटजात ओलांडून झाली, किती कमी खर्चात झाली, किती पाड्यांवर आपली मुले शिकवायला गेली, विहारातल्या सफाई करणाऱ्या माणसाला किमान वेतन मिळाले का.

स्तूपाची वीट पुरातत्त्व खाते सांभाळेल किंवा नाही सांभाळणार. भुईगावच्या दगडावर कोरलेले मात्र त्यांनी सांभाळायचे नाही, ते आपल्या वागण्यात असायला हवे. तिथे ते नसेल तर वर बुद्धाचे नाव असो, ख्रिस्ताचे असो की आयसिसचे, मालक तोच राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!